चौदा दिवसांची धाव आणि एकवीस दिवसांची मुदत

नोकरदार तरुणांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक नवा शब्द रुळला आहे : स्प्रिंट. सदर, छावणी, गड्डीगोदाम या वस्त्यांतून रोज मिहानकडे किंवा परसोडीच्या आयटी पार्ककडे कामाला जाणारी मुलेमुली तो सहज उच्चारतात. ‘या स्प्रिंटमध्ये सुटी मिळायची नाही’, ‘पुढच्या स्प्रिंटपासून पाळी बदलणार’, अशी वाक्ये घराघरांतून ऐकू येतात. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची, जीव तोडून केलेली धाव. अशी धाव माणूस कधीतरी धावतो. बारा महिने, दर चौदा दिवसांनी नव्याने तीच धाव धावायची, ही कल्पना मात्र आपल्या काळाची आहे.

ही पद्धत मुळात संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची. आता ती कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात येऊन पोचली आहे. भरती कशी करायची, मूल्यमापन कसे करायचे, कोणाला कोणत्या कामावर घालायचे, कोणते पद ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे सारे ‘प्रकल्प’ ठरले असून ते दोनदोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये उरकले जात आहेत. हा विषय साहेबलोकांच्या दालनातला आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी म्हणू नये. कामगाराच्या सेवाशर्ती कोण, कोणत्या वेगाने आणि कोणाला विचारून बदलतो, हा कामगार चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न आहे. आज तो नव्या परिभाषेत उभा आहे, एवढेच.

मूळ विचार काय होता?

प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घेतल्याखेरीज टीका करू नये, ही समाजवादी चळवळीची शिस्त आहे. म्हणून प्रथम या पद्धतीची बाजू पाहू. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी, आज्ञावली लिहिण्याच्या धंद्यातील 17 अनुभवी माणसे जमली. त्यांनी एक छोटासा जाहीरनामा काढला. तोच ‘अ‍ॅजाईल’चा जाहीरनामा. वर्षावर्षांच्या जाडजूड योजना, वरून आलेले हुकूम आणि कागदांचे ढीग यांना ती माणसे कंटाळली होती. नियम आणि साधने यांच्यापेक्षा काम करणारी माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद यांना अधिक मोल द्यावे, असे त्यांनी लिहिले. सोबत 12 तत्त्वे जोडली. कामाचा वेग असा असावा की तो माणसाला अनिश्चित काळ टिकवता येईल, हे त्यांतील एक तत्त्व. उत्तम काम स्वतःची रचना स्वतः करणाऱ्या गटांकडून होते, हे दुसरे. कोणाही समाजवाद्याने या दोन तत्त्वांखाली आनंदाने सही करावी.

‘स्क्रम’ ही या कुळातील सर्वांत प्रचलित पद्धत. हा शब्द रग्बीच्या खेळातला. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी 1986 साली कारखान्यांतील नवनिर्मितीसाठी तो प्रथम वापरला, आणि पुढे संगणकवाल्यांनी तो उचलला. पद्धतीचे सूत्र सोपे आहे. करावयाच्या कामांची एक यादी असते, तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. यादीतील कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरविणारी एक व्यक्ती असते. एक महिन्याच्या आतल्या, बहुधा दोन आठवड्यांच्या, टप्प्यात झेपेल तेवढेच काम गटाने उचलायचे. रोज पंधरा मिनिटे भेटून अडचणी सांगायच्या. टप्पा संपला की झालेले काम दाखवायचे आणि ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ नावाच्या बैठकीत आपले काय चुकले, काय साधले, याचा विचार करायचा. चूक झालीच तर ती दोन आठवड्यांचीच असते. दोन वर्षे चुकीच्या वाटेने जाण्यापेक्षा हे बरे, यात वाद नाही.

मनुष्यबळ विभागातही अशी कितीतरी कामे आहेत की ज्यांत ही पद्धत कामगाराच्या हिताची ठरेल. नव्या माणसाचे रुजू होण्याचे कागद महिनामहिना पडून राहतात. भविष्यनिर्वाह निधीचे खाते एका नोकरीतून दुसरीकडे नेताना माणूस रडकुंडीला येतो. रजेचा अर्ज तीन टेबलांवरून फिरतो. रात्रपाळीच्या मुलींसाठी गाडी कोणत्या चौकात थांबावी, हे कार्यालयात बसून ठरते आणि चुकते. अशी कामे दोन आठवड्यांच्या टप्प्यात घ्यावीत, करून पाहावीत, ज्यांना त्रास होतो त्यांनाच विचारावे आणि दुरुस्त करावीत. याला विरोध करणारी युनियन आपल्याच सभासदांचे नुकसान करील.

कागद आणि भाकर

परंतु येथेच एक रेषा ओढली पाहिजे. कागद एका बाजूला आणि भाकर दुसऱ्या बाजूला, अशी ती रेषा आहे. रजेच्या अर्जाचा नमुना बदलला आणि तो फसला, तर पुढच्या सोमवारी जुना नमुना परत आणता येतो. माणसाची पाळी, श्रेणी, पगाराची रचना, पद किंवा नोकरीच बदलली आणि तो निर्णय चुकला, तर काय परत आणणार? हप्ता थकलेला असतो, मुलांच्या शाळेची फी राहिलेली असते, घर बदललेले असते. संगणकाची आज्ञावली एक कळ दाबून मागे नेता येते. संसार मागे नेता येत नाही. ‘करून पाहू, चुकले तर सुधारू’ हे तत्त्व ज्याच्या जिवावर प्रयोग होत नाही त्याला सोपे असते.

कायद्याने ही रेषा पूर्वीच ओढलेली आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने कलम 9-अ आले. वेतन, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणी अशा ठरावीक बाबतींत मालकाला बदल करावयाचा असेल, तर त्याने बाधित कामगारांना नोटीस दिली पाहिजे आणि नोटिशीनंतर 21 दिवस तो बदल अमलात आणता कामा नये, असे ते कलम होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि जुना कायदा गेला. या संहितेने कामगारांचे बरेच काही काढून घेतले आहे. स्थायी आदेशांचे बंधन आता 300 कामगार असलेल्या आस्थापनांपासूनच सुरू होते, हे त्यांतलेच. तरीही 21 दिवसांच्या नोटिशीची तरतूद संहितेच्या कलम 40 मध्ये शिल्लक आहे. तिला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे असे सुव्यवस्थीकरण, प्रमाणीकरण किंवा तंत्रातील सुधारणा, ही बाबही कायम आहे.

आता साधा हिशेब मांडा. स्प्रिंट 14 दिवसांचा, मुदत 21 दिवसांची. वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 26 स्प्रिंट. प्रत्येक स्प्रिंटमध्ये सेवाशर्तीचा एक तुकडा बदलायचा म्हटले, तर पहिल्या बदलावरील विचाराची मुदत संपण्यापूर्वीच दुसरा बदल दारात उभा राहतो. व्यवस्थापन म्हणते, ‘हा बदल नव्हे, हा केवळ प्रयोग आहे, दोन आठवड्यांनी पाहू.’ चौदाव्या दिवशी प्रयोग यशस्वी ठरतो आणि एकविसाव्या दिवशी तो वहिवाट झालेला असतो. नोटीस कधी निघालीच नाही, मग हरकत कशावर घ्यायची? बदल इतके लहान आणि इतके वारंवार करायचे की त्यांतील कोणत्याही एकावर लढा उभा राहू नये, ही या पद्धतीतील खरी राजकीय मेख आहे. कोणी व्यवस्थापक हे कपटाने करीत असेल किंवा नसेलही. परिणाम तोच होतो.

नागपूरचा अनुभव

हा 21 दिवसांचा हक्क कोणी दान दिलेला नाही. नागपूरकरांना तरी हे सांगावे लागू नये. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली. मजूर कामावर नियमित येत नाहीत, ही त्या गिरणीची पहिली अडचण होती. दंड करण्याऐवजी मालकांनी भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बक्षिसे अशा योजना पुढील काळात आणल्या. आजच्या भाषेत तो देशातील एक आरंभीचा मनुष्यबळ प्रकल्पच म्हणावा लागेल, आणि त्याचे श्रेय त्या मालकांना दिले पाहिजे. पण त्याच गिरणीत, त्याच 1877 साली, मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातील अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांमध्ये त्याची गणना होते. मालक उदार असला तरी मजुरीचा दर एकट्याने ठरविण्याचा अधिकार त्याला नाही, हा धडा नागपूरच्या कामगाराने गिरणीच्या पहिल्याच वर्षी देशाला दिला.

पुढे 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ आले. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, असा तो हिशेब होता. तेव्हाही शास्त्राचा, कार्यक्षमतेचा आणि जागतिक स्पर्धेचाच दाखला दिला गेला. त्याविरुद्ध सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप आपल्या चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे. कामाची पद्धत बदलल्याने माणसे कमी होणार असतील तर आधी सांगा, थांबा, बोला, हे तत्त्व कायद्याच्या अनुसूचीत आले त्यामागे अशा लढ्यांचा अनुभव उभा आहे. एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. गिरणी गेली, पण तिच्या पिढ्यांनी मिळवलेला नोटिशीचा हक्क मिहानमधल्या काचेच्या इमारतीपर्यंत पोचला आहे. तो वापरला जात नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्या घराण्याने एम्प्रेस मिल काढली त्याच्याच उद्योगसमूहातील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी आज मिहानमध्ये आहे. या कंपनीने 2020 पर्यंत सर्वांगाने ‘अ‍ॅजाईल’ होण्याचे ध्येय जाहीर केले होते. जून 2025 मध्ये तिचे नवे धोरण आले : प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षात 225 दिवस ग्राहकाच्या, पैसे मिळणाऱ्या कामावर असले पाहिजे, आणि कामाविना ‘बेंच’वर 35 दिवसांहून अधिक राहू नये. जुलै 2025 मध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांवर, माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतील लोक होते. कौशल्ये आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही, कामाची पद्धत बदलत आहे, देखरेखीचे थर पूर्वीइतके लागणार नाहीत, अशी कारणे देण्यात आली. पुण्यातील आयटी कर्मचाऱ्यांच्या ‘नॅसेंट इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉईज सेनेट’ या संघटनेने केंद्रीय श्रममंत्रालयाकडे दाद मागितली. सप्टेंबर 2025 अखेर कंपनीची कर्मचारीसंख्या सहा लाखांच्या खाली आली होती.

ग्राहकाकडून काम आणणे ही कंपनीची जबाबदारी आहे. ते काम आले नाही तर त्याचा दिवस कर्मचाऱ्याच्या खात्यावर मांडायचा आणि 35 पूर्ण झाले की त्याच्याकडे बोट दाखवायचे, याला कोणता न्याय म्हणावा? गिरणीत कापूस आला नाही म्हणून विणकराला आळशी ठरवावे, तसे हे आहे. कामाची पद्धत बदलल्यामुळे देखरेखीचे थर नको झाले असतील, तर ती तंत्रातील सुधारणाच झाली. मग तिच्यावर आधी नोटीस, मग मुदत, मग वाटाघाटी, हा क्रम का नको? ‘हे लोक कामगारच नव्हेत, ते मॅनेजर आहेत’, असे उत्तर मालकवर्गाकडून नेहमी येते. संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणारा स्पष्टपणे येतो. दारावरच्या पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा माणूस दिवसभर कोणते काम करतो, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही आणि ज्याला स्वतःची रजाही मंजूर करता येत नाही, तो कसला मॅनेजर?

यादी कोण लिहितो?

मुख्य प्रश्न वेगाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. या पद्धतीत कामाचा क्रम ठरविणाऱ्याला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हणतात. नावातच मालक आहे. गट स्वतःची रचना स्वतः करतो, हे खरे, परंतु काय करायचे ते यादी लिहिणारा ठरवतो. मनुष्यबळ प्रकल्पात ज्यांच्याबद्दल ही यादी आहे ते स्वतः त्या खोलीत नसतात. ‘मानव संसाधन’ हा शब्दच पाहा. कोळसा, पाणी, लोखंड ही संसाधने. त्यांच्याशी कोणी चर्चा करीत नाही. माणसाला एकदा त्या रांगेत बसवले की त्याला विचारण्याची गरज वाटत नाही.

रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत माणूस आपली अडचण सांगतो, ती साह्य मिळावे म्हणून. त्याच नोंदी वर्षअखेर त्याच्या मूल्यमापनात त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात. गटाने एका टप्प्यात किती काम उचलले, याचे माप पुढील टप्प्याचा अंदाज बांधण्यासाठी असते. त्याच मापाने माणसामाणसांची तुलना सुरू झाली की ते टेलरच्या घड्याळाचे नवे रूप होते. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये मन मोकळे करा, असे सांगितले जाते. रंगीत चिठ्ठ्या फळ्यावर लागतात आणि सायंकाळी उतरवल्या जातात. तेथे बोललेल्या शब्दाला ना इतिवृत्त असते, ना उत्तर देण्याचे बंधन. बोलण्याची मुभा आहे, निर्णयात वाटा नाही. लोकशाहीचा एवढा आभास निर्माण झाला की युनियनची गरज उरली नाही, असे तरुणांना वाटू लागते. जुन्या युनियनांतही ‘हे लॅपटॉपवाले आपले नव्हेत’ असा एक समज आहे. तो जितका लवकर जाईल तितके बरे.

स्पर्धेच्या जगात 21 दिवस थांबणे परवडत नाही, असे सांगितले जाईल. नेदरलँड्समधील आयएनजी या बँकेचे उदाहरण व्यवस्थापक मंडळी मोठ्या कौतुकाने देतात. 2015 मध्ये तिने मुख्यालयातील सुमारे 3,500 लोकांची अ‍ॅजाईल पद्धतीने पुनर्रचना केली, आणि प्रत्येकाला आपल्याच संस्थेत नव्याने जागेसाठी अर्ज करावा लागला. आम्हाला ते कौतुकास्पद वाटत नाही. पण ज्या देशाचे हे उदाहरण देता, त्या देशात अशा पुनर्रचनेपूर्वी निवडून आलेल्या कामगार-परिषदेचा सल्ला घेण्याचे कायदेशीर बंधन मालकावर आहे, हेही सांगा. वेग तेवढा आयात करायचा आणि परिषद विमानतळावर सोडून यायची, ही कोणती व्यवस्थापनविद्या? आपल्याही राज्यघटनेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 43-अ आले आहे. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे ते सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे म्हणून न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येत नसेल. चळवळीने ते मागण्यास कोणती आडकाठी आहे?

आमच्या मागण्या

म्हणून केवळ निषेधावर न थांबता आम्ही काही निश्चित मागण्या मांडू इच्छितो. संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतील कोणतीही बाब, ‘प्रयोग’ म्हणूनसुद्धा, नोटिशीशिवाय आणि 21 दिवसांच्या मुदतीशिवाय स्प्रिंटमध्ये घेता कामा नये. मनुष्यबळ प्रकल्पाची कामांची यादी जेथे ठरते तेथे कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसले पाहिजेत, आणि एखादी बाब तेथून काढून वाटाघाटीच्या टेबलावर नेण्याचा अधिकार त्यांना असला पाहिजे. रोजच्या बैठकीतील नोंदी आणि गटाच्या कामाची मापे व्यक्तीच्या मूल्यमापनात वापरू नयेत. टप्प्याअखेरच्या बैठकीत आलेल्या तक्रारी लेखी नोंदवून त्यांना ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. काम न मिळाल्याचे दिवस कर्मचाऱ्याचा दोष म्हणून मोजू नयेत.

या मागण्यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जेथे 20 किंवा अधिक कामगार आहेत तेथे तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान असले पाहिजेत आणि स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे, असे संहिताच सांगते. 100 कामगार असतील तर शासनाच्या आदेशाने कार्यसमिती स्थापन करता येते. सदरच्या रेसिडेन्सी रोडवर बँका, विमा कंपन्या, दवाखाने, मोठी दुकाने आणि वरच्या मजल्यांवर लहानमोठी कार्यालये आहेत. त्यांतल्या ज्या ठिकाणी 20 माणसे काम करतात, तेथे ही समिती आहे काय, एवढा एकच प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी विचारीत जावे. नसेल तर अर्ज तयार करून द्यावा. असेल तर तिच्या शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे. रविवारच्या सकाळी वस्तीतल्या तरुणांना कलम 40 आणि तिसरी अनुसूची मराठीत वाचून दाखवावी. नेमणूकपत्र इंग्रजीत असते, हक्काची माहिती तरी आपल्या भाषेत मिळू द्या.

हे काम चौदा दिवसांत होणारे नाही. नागपूरच्या गिरणी कामगारांनी रा. स. रुईकरांसारख्या नेत्यांच्या मागे उभे राहून जी संघटना बांधली, तिलाही वर्षानुवर्षे लागली. पण त्या संघटनेमुळेच मालकाला बदल करण्यापूर्वी थांबावे लागू लागले. धावणाऱ्याला धावू द्यावे, त्याला आमची हरकत नाही. मात्र ज्यांच्या अन्नावर पाय देऊन धाव घेतली जाते त्यांना थांबविण्याचा हक्क असतो, आणि त्या हक्काची मुदत आज एकवीस दिवस आहे. ती आपण वापरली नाही, तर उद्याच्या एखाद्या दुरुस्तीत ती अनावश्यक म्हणून वगळली जाईल. वापरात नसलेला हक्क काढून घेणे फार सोपे असते.